पुठ्ठ्यावरचा चेहरा

"गोळी झाडा ना! पुठ्ठा आहे तो!" लोर्ना ओरडली.

तिच्या बाजूला उभ्या तिघांपैकी कोणीही चाप ओढला नाही. परीक्षा घेणाऱ्या रॉइसची शिट्टी पुन्हा वाजली. फेरी संपली.

लोर्नाच्या सगळ्या गोळ्या समोरच्या पुठ्ठ्यावरच्या काळ्या आकृतीच्या छातीत बसल्या होत्या. तिच्याच शाळेत शिकवणारी चित्रकलेची जनेल, गणिताची टेस आणि रसायनशास्त्राचा म्हातारा प्रुइट यांचे पुठ्ठे कोरे होते.

शेजारच्या गावातल्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हापासून लोर्ना शाळा मंडळाशी भांडत होती. शेरीफच्या पोलिसांची गाडी येईपर्यंत सगळं संपलेलं असतं, शिक्षकांजवळ पिस्तूल हवंच, हे ती प्रत्येक सभेत सांगे. "माझा मुलगा कोल्बीही याच शाळेत शिकतो," असं ती म्हणाली की खोली गप्प होई. शिक्षकांच्या खोलीत ती आली की बोलणं थांबे. आपल्या मोहिमेचा राग असेल, असं ती धरून चालली होती. अखेर मंडळ वाकलं, पण अट घालून. निदान चार शिक्षक नेमबाजीच्या परीक्षेत पास झाले पाहिजेत, नाहीतर परवानगी नाही. तयार झाली होती नेमकी ही चौघं, लोर्ना धरून.

जुन्या खाणीतल्या या नेमबाजीच्या मैदानावर सकाळपासून सगळ्यांचा नेम उत्तम होता. शेवटच्या फेरीआधी रॉइसने त्यांना जवळ बोलावलं. तो निवृत्त पोलीस होता.

"बाहेरून कोणी येत नाही," तो म्हणाला होता. "येतो तो बहुतेक तुमच्याच वर्गातला पोरगा. कोण असेल, ते तुम्हाला आत्ताही माहीत आहे. मनातल्या मनात त्याचं तोंड पुठ्ठ्यावर आणा आणि झाडा."

आता रॉइस म्हणाला, "तिघं नापास. दुसरी संधी नाही."

लोर्नाने आवाज अडवणारे कानावरचे मफ काढून टेबलावर आपटले. "केलंत वाटोळं! कोणाचा एवढा पुळका आला तुम्हाला? उद्या तोच येऊन वर्गातली पोरं मारेल, तेव्हा रडा!"

टेसने मान फिरवली. प्रुइट वाकून रिकामी काडतुसं गोळा करू लागला.

"तू कोणाला आणलंस पुठ्ठ्यावर?" जनेलने विचारलं.

"कोणाला म्हणजे? असाच कोणीतरी. बाहेरचा. मुखवटेवाला."

"रॉइसने तसं नव्हतं सांगितलं."

"मला नाही सुचलं कोणी. तुला कोण सुचलं, ते बोल ना!"

जनेलने पिस्तूल टेबलावर ठेवलं. "तुझा कोल्बी. तू शेजारी उभी असताना कशी झाडू गं?"

लोर्नाने टेसकडे पाहिलं. मग प्रुइटकडे. "काहीतरीच काय बोलतेस," असं दोघांपैकी कोणीच जनेलला म्हटलं नाही.

प्रुइट गुडघ्यावर हात टेकत उठला.

"लोर्ना," तो म्हणाला, "तुमच्या घरातल्या बंदुका कुलपात असतात ना?"