पिळाची शिडी

नर्मदाबाईंनी काढलेलं शिडीचं चित्र चिमण मास्तरांच्या टेबलावर उघडं पडलं होतं, आणि मास्तर प्रदर्शनाच्या पुठ्ठ्यावर नावं रंगवत बसले होते. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, त्यांचं स्वतःचं.

"हे तुमच्याकडे कसं आलं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"मामांनी दाखवलं." मास्तरांचे हे सख्खे मामा म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, तात्या. "छान काढलंय हो. मी जरा सुबक करतोय, एवढंच."

नर्मदाबाई डहाणूच्या त्या शाळेत सात वर्षं शास्त्र शिकवत होत्या. चिमण मास्तर शिकवत भूगोल, तोही नकाशा भिंतीवर असला तर. गेल्या वर्षी, बासष्ट साली, तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, तेव्हा मुंबईच्या एका मासिकात लेख आला होता. आईबापांचं रूप मुलांत उतरवणारा रेणू म्हणजे एक पिळलेली शिडी. दोन बाजूंना दोन लांब साखळ्या, मधे पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत मोठ्या तुकड्याला लहानच जोडीदार. तारा आणि पत्र्याचे तुकडे जुळवता जुळवता तिची रचना उलगडली होती. त्याआधी एका बाईंनी क्ष-किरणांनी त्या रेणूचे फोटो काढले होते. त्या बाई नोबेलच्या चार वर्षं आधीच वारल्या होत्या. लेखात त्यांच्या वाट्याला एक ओळ आली होती. नर्मदाबाईंनी तिच्याखाली पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती.

तशीच शिडी बांबूची करायची, हे त्यांच्या मनाने घेतलं. गंजाडच्या पाड्यावर टोपल्या विणणारी शुक्री कामट्या काढून द्यायला तयार झाली. तीन रविवार बाई एस.टी.ने गंजाडला गेल्या. पहिल्या दोन शिड्या पीळ देताच एका अंगाला कलंडल्या. तिसरी छातीएवढी उंच झाली आणि सरळ उभी राहिली. परतीच्या गाडीत बाई एकट्याच हसत होत्या.

आता ठाण्याच्या विज्ञान प्रदर्शनात ज्याचं मॉडेल पहिलं येईल त्याला मुंबईला वर्षभराचं प्रशिक्षण होतं. खरीखुरी प्रयोगशाळा! इथे शाळेत दोन परीक्षानळ्या, त्यातली एक तडकलेली. घरी भावांच्या चिकूच्या वाडीत भाकऱ्या थापण्यात तिशी उलटली होती. सरकारी पत्र आलं असतं तरच भावांनी सोडलं असतं.

नर्मदाबाई तात्यांकडे गेल्या.

"अहो बाई, शाळेचं नाव होतंय ना? मग कुणाच्या का नावावर जाईना," तात्या म्हणाले. "आणि तुम्हाला घरचे मुंबईला धाडणार थोडेच?"

नर्मदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दुपारी त्यांनी ठाण्याला शाळा तपासणीस साहेबांच्या नावे चार पानी तक्रार, मासिकातल्या लेखासकट, टपालात टाकली.

साहेब पंधरा दिवसांनी आले. शिडीच्या दोन पायऱ्या तोवर निसटल्या होत्या, म्हणून बाईंनी शुक्रीला दुरुस्तीला बोलावून घेतलं होतं. ती काम संपवून पडवीत जाऊन बसली. आत तात्या, चिमण मास्तर, नर्मदाबाई, आणि मधे टेबलावर शिडी.

साहेबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग एका कामटीवर बोट ठेवलं.

"मास्तर, या बाजूच्या कामटीचा बुंधा खाली आहे. त्या बाजूच्या कामटीचा वर. असं का?"

मास्तरांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी खिडकीकडे.

"दिसायला बरं दिसतं, साहेब," मास्तर म्हणाले.

"बाई, तुम्ही सांगा."

"बांबू बुंध्याशी जाड, शेंड्याला बारीक," नर्मदाबाई म्हणाल्या. "दोन्ही बुंधे एकाच टोकाला आले तर वरचं अंग लेचंपेचं राहतं आणि पीळ कलंडतो. एक कामटी उलटी घेतली की जाडी सगळीकडे सारखी येते."

साहेब खुर्चीत बसले. "कारण वेगळं असेल, पण रेणूतही अगदी तसंच आहे. त्या दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात. मी पुस्तकात वाचलंय. तुमच्या मासिकातल्या चित्रात ते नाही, लेखातही नाही. हे ज्याला सुचलं, मॉडेल त्याचं." त्यांनी मास्तरांचा पुठ्ठा उचलून तात्यांच्या हातात दिला. "दुसऱ्याच्या डोक्याची चोरी शाळेत तरी होऊ नये, तात्या."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. नर्मदाबाईंना रडू फुटेल असं वाटलं.

साहेबांनी प्रदर्शनाचा फॉर्म पुढे ओढला, नर्मदाबाईंचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. "आणखी कुणाचा हातभार?"

"कामट्या काढणारी एक बाई होती. रोजावर."

"हाताचं नाही हो, डोक्याचं विचारतोय."

"ते माझंच."

साहेबांनी सही केली. कागद छातीशी धरून बाई बाहेर पडवीत आल्या. त्यांना पाहताच शुक्री लगबगीने उठली, आणि आनंदाने तिचं तोंड फुललं.

"बाय, ती एक कामटी उलटी लाव, असा मी तुला सांगलेला, तो सायबाला पटला ना?"