अंगुस्तान

इतिहासातल्या राजांवर नाटकं लिहिणाऱ्या लेबरेख्ट झाइडलरच्या घरात एक नेम होता. लिहिलेली ओळ तो मोठ्यानं म्हणून पाही. भिंतीपलीकडे शिवण घेऊन बसलेली त्याची बायको ओटिलिए, ओळ लंगडली की बोटातलं अंगुस्तान भिंतीवर आपटी. तो चिडे, पुटपुटे आणि ओळ बदले. अंथरुणाला खिळल्यावरही तिनं ते अंगुस्तान उतरवलं नव्हतं.

त्या दुपारी त्यानं सम्राट हाइन्रिशच्या मृत्यूचा प्रवेश सबंध म्हटला. भिंतीवर एकदाही टकटक झाली नाही. लग्न झाल्यापासून अशी शाबासकी त्याला मिळाली नव्हती. तो हरखून दार उघडून बाहेर आला.

"काय ट्रीना, आज बाईसाहेबांना खोड काढायला जागाच सापडली नाही ना?"

म्हाताऱ्या मोलकरणीनं एप्रनला डोळे पुसले.

"मालक, बाईसाहेब गेल्या. तुम्ही म्हणायला लागलात तेव्हाच त्यांना धाप लागली होती. मी तुम्हाला बोलवायला निघाले, तर माझा हात धरून म्हणाल्या, 'थांब गं, तिकडं सम्राट मरतोय. आधी त्याला नीट मरू दे.'"