घासलेला आरसा

संलयन भट्टीच्या पोटातला आरसा मांडवात मखमलीवर ठेवलेला पाहून वत्सला तोडणकर जागीच थबकली. परवा बाहेर काढला तेव्हा तो काळसर होता. आता त्यात तिचं तोंड लख्ख दिसत होतं.

"कुणी हात लावला याला?"

"मीच घासून घेतला," व्यवस्थापक बिडवे कौतुकाने म्हणाले. "मंत्री यायचेत. पाहुण्यांपुढे काळं भांडं मांडायचं का? चिंच आणि राख. दोन तास लागले."

"ते काळं म्हणजे माझा लेप होता, साहेब! सूर्याहून तापलेल्या भट्टीत चार वर्षं टिकला. किती झिजला, ते उद्या मोजायचं होतं. मग देशातल्या सगळ्या भट्ट्यांच्या आरशांना तो लावता आला असता."

"मग पुन्हा लावा की."

"लावते ना. पुन्हा चार वर्षं थांबते. माझ्या निवृत्तीला दोन उरलीत!"

बिडव्यांचं तोंड उतरलं. तेवढ्यात मंत्री आले. त्यांनी शेजारची लेपाची पाटी वाचली आणि आरशात पाहून टोपी सरळ केली.

"चार वर्षं त्या आगीत राहून एवढा लखलखीत? वा! याला म्हणतात लेप!"

पहिली टाळी बिडव्यांनी वाजवली.