धरणाचं विधेयक

सरकारच्या धरण विधेयकावर सत्ताधारी पक्षाचे एक खासदारसाहेबच असे तुटून पडले, की विरोधकांनीही बाकं बडवली. धरण झालं तर त्यांचं स्वतःचं गाव बुडणार होतं, म्हाताऱ्या आईच्या घरासकट.

मग मतदान पुकारलं गेलं. विधेयकाच्या बाजूनेच मत द्यायचं, असं पक्षाचं फर्मान होतं. साहेबांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने 'होय'चं बटण दाबलं. विधेयक दणक्यात मंजूर झालं.

आज आपण सभागृह गाजवलं, या खुशीत बाहेर येताच त्यांनी गावी फोन लावला.

"आई, टीव्हीवर माझं भाषण ऐकलंस ना?"

 

"ऐकलं रे बाळा, ऊर भरून आला. मग तुझं मत पाहिलं आणि भांडीकुंडी बांधायला घेतली."