नाव घेतल्याशिवाय

ती पाण्याच्या टाकीमागे उकिडवी बसली होती, आणि मुलीने तिला पाहिलं. ओझरतं नाही, चांगलं डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं.

आता फक्त ओरडायचं बाकी होतं. मैदानाच्या मधोमध पत्र्याचा रिकामा डबा उभा होता. पळत जायचं, डब्यावर पाय ठेवायचा आणि सापडलेल्याचं नाव घेऊन 'ऐसपैस' म्हणायचं. मुलीने आत्याला तसंच बाद केलं होतं, आणि आत्याच्या मुलालाही. त्याला घरात सगळे वकील म्हणत, कारण नियमावरून तो कुणाशीही भांडायचा.

मुलगी डब्याकडे पळाली. पाय ठेवला. तोंड उघडलं. आणि गप्पच झाली.

टाकीमागे ती जागची हलली नाही. पोरीचं घोडं कुठे अडलंय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? मुलीच्या वडिलांशी तिचं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं, आणि वर्षभरात मुलीने तिला एकदाही, कशानेही हाक मारली नव्हती. आई नाही, काकू नाही, मावशी नाही, साधं 'ए' किंवा 'अहो'सुद्धा नाही. भांडण नव्हतं, रुसवेफुगवे नव्हते. मुलगी फक्त वाक्यं अशी जुळवायची, की त्यात समोरचं माणूसच नसायचं. 'पाणी संपलंय.' 'चावी सापडत नाहीये.' त्याहून जास्त काही असलं, तर पलीकडच्या खोलीतून मोबाइलवर मेसेज यायचा, 'भूक लागली.' ती 'आणते' असं लिहून पाठवायची आणि ताट घेऊन जायची. मोबाइलवर कुणाला हाक मारावी लागत नाही. घर त्यावर सुरळीत चाललं होतं.

खरं तर तिलाही ते सोयीचंच होतं. ती दवाखान्यात रक्त काढायची. परक्या पोरांचे दंड धरून 'राजा, सोन्या, झालंच बघ' म्हणताना दिवसभरात तिची जीभ एकदाही अडखळत नसे. घरी मात्र तो सोन्या घशातच राहायचा.

आज नवऱ्याने सगळ्यांचे मोबाइल गोळा करून गाडीत कोंडले होते. "घरी जाईपर्यंत कुणी मागायचा नाही," असं बजावून तो स्वतः कडेच्या झाडावर चढून लपला होता. यातून हे असं काही निघेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

"अगं बोल ना!" वकील ओरडला. "कोण दिसलं?"

"टाकीमागे आहे," मुलगी म्हणाली.

"कोण आहे?"

"आहे एक जण."

"असं नाही चालत हं. नाव घेतल्याशिवाय बाद नाही. आई, तू सांग हिला!"

आत्या चपलेतला खडा काढायला वाकली, आणि बराच वेळ तो खडा काही तिला सापडेना. झाडावर पान हललं नाही.

उठावं, हसत पुढे यावं, 'सापडले बाई मी' म्हणावं, की विषय मिटला. गुडघ्यांवर हात ठेवून ती अर्धी उठलीसुद्धा. वर्षभर तिने हेच तर केलं होतं. पोरगी अडली, की आपणच पुढे होऊन तिला मोकळं करायचं.

ती पुन्हा खाली बसली.

मुलीने डब्यावरचा पाय काढला आणि टाकीकडे चालायला लागली.

"डबा सोडला! हिने डबा सोडला!" वकील नाचायला लागला. "मामा, उतर खाली! उडव डबा!"

डबा उडवला असता, तर बाद झालेले सगळे सुटले असते. मामा उतरला नाही.

मुलगी टाकीपाशी येऊन उभी राहिली. चेहरा लालबुंद झाला होता. तिने वाकून सरळ मनगट धरलं आणि ओढलं. हात गरम होता, घामाने आणि मातीने चिकट झालेला. ती ओढली गेली. अख्खं मैदान दोघींनी तसंच पार केलं, एक ओढतेय, दुसरी मागे मागे. डब्याजवळ आल्यावर मुलीने मनगट न सोडताच डब्यावर पाय ठेवला.

"ऐसपैस. ही!"

"ही म्हणजे कोण?" वकील हटायला तयार नव्हता.

"ही म्हणजे ही! आमच्याकडे एकच आहे."

"बाद," आत्या म्हणाली. खडा बहुतेक निघाला होता.

मग नवरा आपणहूनच खाली उतरला आणि हात वर करून बाद झाला. पहिली सापडली म्हणून पुढचं राज्य आत्यावर होतं, पण तिने गुडघ्यांचं निमित्त काढून ते वहिनीच्या गळ्यात घातलं.

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डोळे कोपरात दाबले आणि मोजायला लागली. मागे पावलं पांगली. वकिलाची धावत गेली, नवऱ्याची जडशी, आत्याची फटक फटक. एक जोडी मात्र थोडी जाऊन थांबली.

"ए!" मुलगी ओरडली. "तू बघतेयस! पुन्हा पहिल्यापासून मोज."

तिला काहीच दिसत नव्हतं. पण तिने वाद घातला नाही. पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"मोठ्याने मोज ना," मुलगी म्हणाली. "ऐकूच येत नाहीये."