वीस बंद खोकी

"कोट काढ की आता," मुनाकाता म्हणाला. "हीटर चालू आहे, घामाने निथळतोयस."

"असू दे," कुरामोची म्हणाला. त्याचा हात पुन्हा खिशाशी गेला.

बैठकीच्या टेबलावर वीस खोकी रचली होती. वीसही बंद. आत कुरामोचीची सहा वर्षांची मेहनत होती: हात झुकवला की पडद्यावरची गाडी वळवणारी मूठ. ती नव्या गेमयंत्राच्या कंट्रोलरमध्येच बसवा, असा त्याचा हट्ट. विक्रीप्रमुख मुनाकाता म्हणे, किंमत वाढेल. हवी त्याने वेगळी घ्यावी. वेगळी विकली तर तिच्यासाठी खेळ कोणी बनवणार नाही, आणि खेळच नसतील तर ती घेणार कोण? हे सांगून सांगून कुरामोचीचा घसा बसला होता.

शेवटी अध्यक्ष ओगिनोंनी तोडगा काढला. डिसेंबरच्या सुरुवातीला क्योतोतल्या वीस घरांत यंत्र द्यायचं, मूठ वेगळ्या खोक्यात. अठ्ठावीस तारखेला सगळं परत. लोक काय करतात ते बघू.

खोकी बांधून पोचवायचं काम कुरामोचीने मागून घेतलं. अख्ख्या विभागाची नववर्षाची शुभेच्छापत्रं ब्रशने लिहून देणारा हा माणूस. खोकीही त्याने पांढऱ्या कागदात, लाल-पांढऱ्या दोरीने कशी नेटकी बांधली होती! काल घरोघर फिरून परतही त्यानेच आणली.

"फुकट दिली तरी एकानेही दोरी सोडली नाही," मुनाकाता हसला. "वेगळी विकायची म्हणत होतो, माझंच चुकलं. साहेब, मूठच रद्द करा."

हे कुरामोचीने हिशेबात धरलंच नव्हतं.

ओगिनो संत्रं सोलत होते. एकेक शीर काढत, सावकाश. कुरामोचीला त्यांच्या हातातून ते हिसकावून घ्यावंसं वाटलं.

"मुनाकाता, तू खेळलायस तिने?"

"एकदा, साहेब."

"एकदाच?"

मुनाकाता कानापर्यंत लाल झाला. जेवणाच्या सुट्टीत तो मूठ कुणाच्या हाती लागू देत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझंही तेच," ओगिनो म्हणाले. "हातात आली की सोडवत नाही. पण खोक्यात असली तर हातात येणार कशी? कंट्रोलरमध्येच बसवा."

कुरामोचीने इतकं वाकून नमस्कार केला की कपाळ टेबलाला लागलं.

बाहेर मुनाकाताने त्याच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास लेका! पण कमाल आहे हं लोकांची. बंद खोकं समोर असून तीन आठवडे हात लावला नाही. मला तर तीन मिनिटं धीर निघाला नसता."

"हो ना," कुरामोची म्हणाला.

तो गेल्यावर कुरामोचीने खिशातल्या वीस चिठ्ठ्या काढून फाडायला घेतल्या. प्रत्येकीवर त्याच्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'कृपया एक जानेवारीच्या सकाळीच उघडावे.'