सोमवार की मंगळवार

"पुरळ कधी उठलं?" शेजारच्या तनुजाचं तापलेलं तोंड उजेडाकडे वळवत आरोग्यसेविका मंदाकिनीताईंनी विचारलं.

"आजच, सकाळी," तिची आई म्हणाली.

गोवर होता. पुरळ दिसण्याआधी चार दिवस तो इतरांना लागू शकतो. आज शुक्रवार. ताईंनी बोटांवर दिवस मागे मोजले आणि त्या सोमवारपाशी थांबल्या. याच आठवड्यात तनुजा त्यांच्या सात महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. गोवराची लस नवव्या महिन्यात देतात, त्यामुळे नातीला ती अजून मिळालेली नव्हती. संसर्गानंतर तीन दिवसांच्या आत लस टोचली, तरच आजार टळण्याची आशा होती.

त्यांनी सुनेला फोन लावला. "तनुजा आपल्याकडे कधी आली होती गं?"

"सोमवारी वाटतं, आई."

सोमवार असेल तर मुदत कालच संपली होती.

"नाही नाही, मंगळवारी. नळाला पाणी आलं होतं, म्हणून बाळ तिच्याकडे दिलं. पाच वाजले असतील."

घड्याळात साडेतीन झाले होते. ताई बाळाला घेऊन दवाखान्यात धावल्या. डॉक्टरांनी होकार दिला आणि पाचच्या आत लस टोचून झाली.

नवव्या दिवशी बाळाला ताप आला. लसीचा की गोवराचा, डॉक्टरांनाही सांगता येईना. तीन दिवस ताई उठता-बसता बाळाच्या कानामागे पुरळ शोधत राहिल्या.

चौथ्या सकाळी ताप उतरला. अंगावर एकही पुळी नव्हती. सून बाळाला न्हाऊ घालत होती. ताई दाराशीच उभ्या होत्या. नातीला उचललं की हात पुन्हा कानामागे पुरळ शोधू लागेल, म्हणून तिला घ्यायला त्यांचं मन अजून धजत नव्हतं.